लांडगा आला रे आला, पण ओरडतंय कोण?

(अभयारण्यातल्या आणि अभयारण्याच्या कडेच्या वाड्यांची बैठक डिसेंबर १९९७ मध्ये झाली. तिथं संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीनं जे बोललं गेलं, ते इथं देत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी रात्री वाडीवर बसून बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.)





आम्ही काही मोठे भाषण करणारे नाही. बारावीपर्यंत शाळा झाली. पेपर वाचता येतो, कायद्याचं पुस्तक अडखळत का होईना वाचता येतं, तेवढंच. पण पेपर वाचता येतो म्हणूनच आज तुमच्यापुढं उभं राहायची पाळी आली.

शाळेत आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलीय. मेंढरं राखणारा पोरगा गंमत म्हणून ओरडतो, लांडगा आला रे आला. माणसं काठ्या घेऊन धावतात, पोरगा हसतो. दोन-तीनदा असं होतं. मग खरंच लांडगा येतो तेव्हा कुणीच धावत नाही. त्या गोष्टीत खोटं बोलणारा पोरगा होता आणि मेली मेंढरं. आता आमच्या भागात ओरडणारा दुसराच आहे. तो तालुक्याच्या गावी टेबलाशी बसून ओरडतो, आणि त्याच्या ओरडण्यापायी आपली पोरं कोठडीत जातात.

वाडीवर काय झालं, पेपरात काय आलं

यंदा पाऊस उघडायच्या सुमाराला आमच्या एका वाडीत काय झालं ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी नीट सांगतो. वाडीचं नाव घेत नाही, पोरांचं घेत नाही. केस अजून चालू आहे.

आदल्या रात्री एका म्हातारीची शेळी गेली. सकाळी तिची दोन नातवंडं शोधायला निघाली. घाटाच्या रस्त्याला, वळणावर, गटाराच्या कडेला एक जनावर मरून पडलेलं दिसलं. अंगावर आडवे पट्टे, मानेपासून पाठीपर्यंत उभे केस, पुढचे पाय लांब आणि मागची बाजू उतरती. आपल्यातलं शेंबडं पोर पण सांगेल, ते तरस होतं. रात्रीच्या गाडीनं उडवलेलं. बरगड्या आत गेलेल्या, तोंडातून रक्त. एस.टी. यायची वेळ झाली होती म्हणून पोरांनी ते ओढून बाजूला घेतलं. एकाच्या कमरेला कोयता होता. रानात जाताना कमरेला कोयता नाही असा आपल्यात कोण आहे?

तेवढ्यात एक जीप थांबली. कुणी तरी फोटो काढला. तासाभरानं गार्ड आले आणि दोघांना घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी पेपर आला. वर मोठ्या अक्षरांत लांडग्याची निर्घृण शिकार, आणि खाली आदिवासी टोळी जेरबंद. फोटोत आपली दोन पोरं, पायाशी जनावर, कमरेला कोयता.

तो पेपर आम्ही बैठकीत घेऊन बसलो आणि एकेक ओळ वाचली. तुम्हीही वाचायला शिका, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, जनावर कोणतं. तरसाला लांडगा केला. ज्यानं लिहिलं त्यानं दोन्हीतलं एकही रानात पाहिलेलं नसावं. लांडगा आपल्या घाटमाथ्याच्या दाट झाडीत राहणारा प्राणी नव्हे. तो माळरानाचा. नगर, सोलापूर, पुण्याच्या पूर्वेकडच्या उघड्या माळावर तो धनगरांच्या वाड्यांमागं फिरतो. धनगराला विचारा, तो लांडग्याची खोड न खोड सांगेल.

दुसरी गोष्ट, टोळी म्हणजे किती माणसं. दोन. एक एकोणीस वर्षांचा, एक सतरा.

तिसरी, बातमीत बोललंय कोण. विश्वसनीय सूत्रांकडून समजतं, असं लिहिलंय. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सांगितलं, असं लिहिलंय. म्हातारीला कुणी विचारलं? नाही. ज्या एस.टी. ड्रायव्हरनं सकाळी ते जनावर तिथं पडलेलं पाहिलं होतं, त्याला विचारलं? नाही. शेळीचा तर शब्दसुद्धा नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जनावराची तपासणी जनावरांच्या डॉक्टरनं केली. गोळी नाही, कोयत्याचा घाव नाही, फासाचा वळ नाही. जबर मार लागून बरगड्या मोडल्या, असं त्यात आहे. तो कागद केसच्या फाईलीत आहे. आम्ही त्याची नक्कल घेऊन त्या पेपरच्या माणसाकडं गेलो. बघतो, म्हणाला. त्याला आता तीन महिने होत आले. अजून तो बघतोच आहे.

जामीन झाला, पोरं घरी आली. पण धाकट्याचा बारावीचा फॉर्म भरायचा तेवढ्यात राहून गेला. एक वर्ष गेलं. हे कुठल्या पेपरात येणार?

उत्तर प्रदेशातले लांडगे

आता तुम्ही म्हणाल, तरसाला लांडगाच का म्हणाले? वाघ म्हणायचं, बिबट्या म्हणायचं. त्याचं कारण गेल्या साली उत्तर प्रदेशात जे झालं त्यात आहे. लांडगा हा शब्द तेव्हापासून पेपरवाल्यांच्या तोंडात बसला.

१९९६ साली उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात, प्रतापगढ, सुलतानपूर, जौनपूर या जिल्ह्यांत, सई नदीच्या काठच्या गावांत लांडग्यांनी लहान लेकरं उचलली. हे खोटं नव्हे, हे झालं. पन्नासच्या आसपास लेकरं गेली. त्याआधी दोन-तीन वर्षं बिहारात हजारीबागकडं असंच झालं होतं. ज्या आईचं लेकरू गेलं तिच्यापुढं कायद्याच्या गोष्टी सांगायची आमची हिंमत नाही. तिचं दुःख ते दुःखच.

पण पेपरांनी त्या दुःखाचं काय केलं ते बघा. अर्धा माणूस अर्धा लांडगा असं काही तरी फिरतंय, अशी अफवा उठली. पेपरांनी ती छापली. लांडग्याचं कातडं पांघरून पाकिस्तानचे हेर आलेत, असंही कुणी उठवलं. तेही छापून आलं. मग व्हायचं तेच झालं. रात्री वाट चुकलेला परका माणूस दिसला की गाव त्याच्यावर तुटून पडायचं. लांडगा समजून माणसं मारली गेली. कशी माणसं? वाटेनं जाणारी, फिरस्ती, गरीब, ज्यांच्या मागं कुणी नाही अशी.

नंतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे अभ्यासक तिथं गेले. गावोगाव फिरले, घरं पाहिली, मायबापांशी बोलले. त्यांना काय दिसलं? सगळ्या लांडग्यांनी माणसावर काही चाल केली नव्हती, ते मोजक्या जनावरांचं काम होतं. रानात हरीण-काळवीट उरलं नव्हतं. शेरडंमेंढरं मात्र लोक नीट राखत होते. आणि उचललेली लेकरं बहुतेक गरीबाघरची होती, दहा वर्षांच्या आतली. म्हणजे शेरडू राखलं जातं, कारण ते गेलं तर घर बुडतं. लेकराला राखायला घरात माणूस नाही, कारण आई मजुरीवर. झोपडीला धड दार नाही, गावात दिवा नाही.

बायांनो, तुम्ही सांगा, यात नवीन काय आहे? गरीबाच्या घराला दार नाही ही बातमी होत नाही. हेर लांडगा होऊन आला ही होते.

कायदा काय म्हणतो

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. आपल्यातले बरेच जण त्याला गार्डचा कायदा म्हणतात. पण गार्ड जे तोंडानं सांगतो आणि पुस्तकात जे लिहिलंय त्यात पुष्कळदा फरक असतो. म्हणून कलमांचे आकडे सांगतो. ते पाठ करा.

कायद्याच्या मागं याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या जनावराला सगळ्यात जास्त संरक्षण. वाघ त्यात, बिबट्या त्यात, आणि लांडगाही त्यातच. तरस आणि रानडुक्कर पुढच्या याद्यांत आहेत, पण त्यांचीही शिकार गुन्हाच. १९९१ साली कायदा बदलला, तेव्हापासून कलम ९ प्रमाणं या यादीतल्या जनावरांची शिकार बंद आहे. त्याला सूट कलम ११ आणि १२ मध्ये आहे, तेवढीच.

शिकार म्हणजे काय, ते कलम २ मध्ये लिहिलंय. मारणं ही शिकार. फासा लावणं, सापळा लावणं, विष घालणं, पकडणं हीही शिकार. नुसता प्रयत्न केला तरी शिकार. मारण्या-पकडण्यासाठी हाकारा घालणं हीसुद्धा शिकार. पण नीट ऐका. आपल्या नाचणी-वरईतून डुकरं हुसकायला डबा वाजवणं, माळ्यावरून हाळी देणं, ही त्या अर्थानं शिकार होत नाही, कारण त्यात मारण्या-पकडण्याचा हेतू नाही. डबा वाजवला म्हणून कुणी गार्ड दम देत असेल तर त्याला कलम विचारा.

आता कलम ११. त्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आपल्याला कुणी सांगितलेल्या नाहीत.

पहिली. पहिल्या यादीतलं जनावर माणसाच्या जिवाला धोका झालं, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी हुकूम काढून ते मारायची परवानगी देऊ शकतात. हुकूम लेखी पाहिजे आणि कारण लिहिलेलं पाहिजे. पाटलानं सांगितलं, सरपंचानं सांगितलं, गार्डनं तोंडी सांगितलं, याला काही अर्थ नाही. पेपरात कधी छापून येतं की लांडगे मारायला मोकळीक दिली. अशी सरसकट मोकळीक कायद्यात नाही. पेपर वाचून कुणी काठी उचलली, तर केस त्याच्यावर होणार, पेपरावर नाही.

दुसरी गोष्ट कलम ११ च्या पोटकलम २ मध्ये आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, सद्हेतूनं, जनावर मारलं किंवा जखमी झालं, तर तो गुन्हा नाही. लेकराला धरलेल्या बिबट्याच्या डोक्यात आईनं कुऱ्हाड घातली, तर ती गुन्हेगार नाही. हे कायद्यातच लिहिलंय. पण मेलेलं जनावर सरकारचं. त्याचं नख, दात, कातडं काही घ्यायचं नाही.

याच पोटकलमाच्या शेपटीला एक ओळ आहे. जीव वाचवायची वेळ आली तेव्हा तो माणूस या कायद्याविरुद्ध काही करत असेल, तर त्याला ही सूट नाही. ही ओळ लक्षात ठेवा. तिच्याकडं परत यायचंय.

कलम ३९ सांगतं, मेलेलं वन्य जनावर सरकारी मालमत्ता. ते कुणाच्या ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जंगल खात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं. आपल्या दोन पोरांना हे ठाऊक असतं, तर त्यांनी जनावराला हातच लावला नसता. एकजण तिथं थांबला असता आणि एकजण सांगायला गेला असता. ही चूक त्यांची नव्हे, आमची आहे. आम्ही कार्यकर्त्यांनी हे कलम वाडीवर कधी समजावलंच नव्हतं.

कलम ५० प्रमाणं अटक केली तर लगेच मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचं. आणि राज्यघटनेचं कलम २२ सांगतं, २४ तासांच्या आत. रेंज ऑफिसच्या मागच्या खोलीत दोन दोन रात्री बसवून ठेवायचा अधिकार कुणालाही नाही.

आणखी एक. पहिल्या यादीतल्या जनावराच्या शिकारीचा गुन्हा पैसे भरून मिटत नाही, कायद्याला ते मान्य नाही. म्हणून कुणी सांगितलं की एवढे दे, मिटवतो, तर समजा की पावती मिळणार नाही आणि केसही मिटणार नाही.

शिकारी म्हणायचं कुणाला

पेपर वाचला की वाटतं, या देशातली सगळी जनावरं आदिवासीनंच खाऊन टाकली. मग थोडा इतिहास काढू.

आपल्या देशात चित्ता होता. बिबट्या नव्हे, चित्ता. १९४७ साली आता मध्य प्रदेशात असलेल्या कोरिया संस्थानच्या राजानं एका रात्रीत तीन चित्ते मारले. त्यानंतर या देशात चित्ता मारल्याची पक्की नोंद नाही. १९५२ साली तो संपल्याचं जाहीर झालं. शेजारच्या सरगुजाच्या महाराजानं आयुष्यात हजारावर वाघ मारले. हाकारे घालायला कोण होते? आपल्यासारखेच लोक, वेठीला धरलेले. बंदूक राजाची, फोटो राजाचा, आणि जंगल उजाड केलं म्हणून नाव मात्र हाकाऱ्याचं.

इंग्रजांच्या काळात लांडगा मारला की सरकारी बक्षीस मिळायचं. मुंडकं दाखवा, पैसे न्या. तेव्हा मारणं हे चांगलं काम होतं. १९७२ चा कायदा झाला, तरी त्यात कलम ९ खाली परवाने होतेच. मोठ्या शिकारीचा परवाना, छोट्या शिकारीचा परवाना. १९९१ पर्यंत ते कायद्यात होते. ते कुणाला मिळायचे? ज्याच्याकडं बंदूक, जीप आणि साहेबाशी ओळख, त्याला. आपल्या बापजाद्यांनी सशाला फासा लावला ती चोरी. साहेबानं परवाना काढून मारलं तो खेळ.

पारध्यांचं तर विचारूच नका. शिकारीवर पोट असलेली ती जमात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यासारख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला. पेपरातून तो अजून गेलेला नाही.

आपले लोक काय करतात? वसुबारसेला वाघबारस करतात. वाघोबाच्या ठाण्यापुढं नारळ फोडतात, गोडाधोडाचा निवद दाखवतात आणि सांगतात, बाबा, तुझं रान तुला, आमची गुरं आम्हाला, वाट अडवू नको. ज्या माणसांनी वाघाला देव मानून शेजारी ठेवला, त्यांना जंगलाचा शत्रू म्हणायचं म्हणजे आपल्याच पोराला दत्तक घेतलं म्हणण्यातला प्रकार.

आपल्या चुका आपणच बोलू

पण बाबांनो, वाघबारस सांगून आपण सुटणार नाही. खरं बोलायचं तर सगळं बोलू.

आपल्यातही फासे लावणारे आहेत. सशासाठी म्हणून लावलेल्या फाशात भेकर अडकतं, कधी बिबट्याचा बछडा. काही ठिकाणी शेताच्या कुंपणाला विजेची तार सोडली जाते. त्यात डुक्कर मरतं आणि पहाटे परसाकडं निघालेला शेजारीही मरतो. काही जण मेलेल्या शेळीत औषध घालतात. ती खाऊन बिबट्या मरो ना मरो, गावची कुत्री मरतात, गिधाडं मरतात.

आणि बाहेरून येणारा व्यापारी असतो. नखं, कातडी मागतो, पाचशे-हजार हातावर टेकवतो. पुढं शहरात त्याचे किती होतात ते त्यालाच ठाऊक. पकडला जातो आपला माणूस. व्यापाऱ्याचं नाव कुठल्या बातमीत येत नाही. अशा माणसाला वाडीवर पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हे आम्ही का बोलतो? कारण आपण एक खरी चूक झाकली की पेपराला दहा खोट्या बातम्या लिहायला जागा मिळते. आपली बाजू खरी ठेवायची असेल तर आपला हातही स्वच्छ पाहिजे.

हे सगळं जमिनीशी कुठं जोडलंय

आता मुख्य मुद्दा. जमिनीच्या संघटनेनं लांडग्या-तरसाची चर्चा का करावी, असं काल एका बाबांनी विचारलं. बरोबर विचारलं.

मघाशी एक ओळ लक्षात ठेवायला सांगितली होती. कायद्याविरुद्ध काही करत असताना जीव वाचवला, तर सूट नाही. आता कलम २७ बघा. अभयारण्यात कुणी जायचं? कामावरचा सरकारी माणूस, राहायची परवानगी असलेला, सार्वजनिक रस्त्यानं जाणारा, आणि अभयारण्याच्या हद्दीत ज्याचा जमिनीवर हक्क आहे तो, आणि त्याची घरची माणसं. म्हणजे ज्याच्या जमिनीचा हक्क कागदावर आला, तो आपल्या शेतात उभा राहून जीव वाचवू शकतो. ज्याचा हक्क नोंदलाच नाही, त्याला उद्या सांगतील, तू तिथं उभा होतास हाच गुन्हा, मग तुझा बचाव कसला? बापानं, आज्यानं कसलेली जमीन, आणि त्याच जमिनीवर अंगावर आलेल्या बिबट्यापुढं आपण घुसखोर! म्हणून सांगतो, जमिनीचा दावा हा नुसता धान्याचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे.

भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं. कळसूबाई-हरिश्चंद्रगडचं १९८६ साली. तिकडं माळावर माळढोक पक्ष्याचं १९७९ साली झालं, ते ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं, बाजारपेठा, लोकांची बागायत सगळंच आलं. नकाशावर रेघ मारायला वेळ लागत नाही. आतल्या माणसांचे हक्क ठरवायचं काम मात्र देशभर वर्षानुवर्षं पडून राहिलं. कायद्याच्या कलम १८ ते २६ मध्ये ते कसं करायचं ते सगळं लिहिलंय, पण करतो कोण?

यंदा २२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना हुकूम दिला. जिथं हक्क ठरवायचे बाकी आहेत तिथं कलेक्टरनं कलम २१ ची जाहीर सूचना काढायची आणि वर्षभरात काम संपवायचं. सूचना निघाली की दावा लेखी द्यायला दोन महिने. कलम २२ प्रमाणं कलेक्टरनं नुसते सरकारी दप्तर बघायचे नाहीत, माहीतगार माणसांचा जबाबही घ्यायचा. म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसांचा शब्द हाही पुरावा आहे. आणि कलम २४ प्रमाणं कलेक्टरला वाटलं तर हक्क अभयारण्यात तसाच चालू ठेवता येतो. हक्क म्हणजे हुसकणं आणि भरपाई एवढंच नव्हे.

तर अशी घाईची वेळ आहे. ज्या वाडीची पोरं पकडली गेली, त्या वाडीच्या दाव्यांची चौकशी करायला आम्ही गेलो होतो. कारकुनानं फाईल उघडली. वरच, टाचणीनं, ते पेपरचं कात्रण लावलेलं होतं. निर्घृण शिकार, आदिवासी टोळी. आम्ही विचारलं, साहेब, जमिनीच्या फाईलीत हे कशाला? तो म्हणाला, माहितीसाठी.

डॉक्टरचा कागद मात्र तिथं नव्हता. तो आम्ही अर्जासोबत दिला आणि पोच घेतली. आता कात्रणाखाली तो कागद आहे. दोन्ही वाचल्याशिवाय त्या फाईलीवर कुणाला सही करता येणार नाही.

खोटी बातमी कुठं जाऊन बसते ते समजलं ना? ती दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते असं वाटतं. ती फाईलीत जाऊन बसते.

काय करायचं

बैठकीत ठरलं ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक वाडीनं आपल्या सभेत पुन्हा ठराव करावा.

१. मेलेलं जनावर दिसलं तर हात लावायचा नाही. एकानं थांबायचं, एकानं पोलीस ठाण्यात किंवा रेंज ऑफिसात कळवायचं. किती वाजता, कुणाला सांगितलं, ते वहीत लिहायचं.

२. शेळी-गाय मारली गेली तर ती हलवायची नाही. पंचनामा होईपर्यंत राखण ठेवायची. पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. भरपाईच्या अर्जाची नक्कल आपल्याकडं ठेवायची.

३. फासे, विजेची तार, विष आजपासून बंद. सापडलं तर वाडीच दंड करेल. डबे, मशाली, राखण यांनी पीक वाचवायचं, आणि राखणीच्या पाळ्या लावायच्या.

४. संध्याकाळी लहान लेकरू एकटं बाहेर सोडायचं नाही. हे बायांवर ढकलू नका. आई मजुरीवर असेल तर शेजारानं बघायचं.

५. कुणी पकडलं तर कलम विचारायचं, २४ तास मोजायचे, संघटनेला निरोप द्यायचा. पैसे द्यायचे नाहीत. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही.

६. आपल्याबद्दल बातमी आली की कात्रण काढून ठेवायचं. खोटी असेल तर संपादकाला आठवड्याच्या आत पत्र टाकायचं, रजिस्टर पोस्टानं, पुराव्याच्या नकलेसकट. तरी छापलं नाही, तर दिल्लीला प्रेस कौन्सिल आहे, १९७८ च्या कायद्यानं झालेली. आधी संपादकाला लिहिल्याचा पुरावा असला म्हणजे तिथं तक्रार करता येते. आपल्या पोरांच्या बातमीची तक्रार आम्ही लिहायला घेतली आहे.

७. दावे. दंडाच्या पावत्या, एकसाली प्लॉटचे कागद, शाळेचे दाखले, जुन्या बांधाच्या, आंब्याच्या खुणा, सगळं गोळा करायचं. कागद नसेल तर म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून ठेवायचे. या महिन्यातच. थंडीत म्हातारी माणसं जातात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो.

शेवटचं एकच बोलतो आणि बसतो.

त्या गोष्टीतल्या पोराचं पुढं काय झालं, ते गोष्टीत कुणी सांगत नाही. आम्हाला वाटतं, गावानं त्याला समोर बसवून विचारायला हवं होतं, बाबा, तू का ओरडलास? आपणही पेपरवाल्याला बोलवू. शिव्या द्यायला नव्हे. वाडीवर येऊ दे, म्हातारीकडं चहा पिऊ दे, तरस कोणतं, लांडगा कोणता ते बघू दे, शेत बघू दे, तपासणीचा कागद वाचू दे. आला तर चांगलंच. नाही आला, तर आपली बातमी आपण लिहू. या पत्रकाच्या पानावर लिहू, शाईनं हात काळे झाले तरी चालतील.

कारण खरा लांडगा, खरा बिबट्या एक दिवस येईल. त्या दिवशी आपण ओरडलो, तर सगळ्यांनी धावून यायला पाहिजे. त्यासाठी आज आपला शब्द खरा राखायचा आहे.

जंगल जमीन आमच्या हक्काची!

जोहार, जिंदाबाद!